गोल्फ क्लब धरायचा कसा: आधी फेस, मग डावा हात, मग उजवा

चेंडू सारखा उजवीकडे जायला लागला की नवखा खेळाडू आधी पाय डावीकडे वळवून उभा राहतो. त्याने चेंडू आणखीच उजवीकडे वळतो. मग तो फटका मारताना मनगट पिळून बघतो. त्यात एखादा चेंडू सरळ जातो, पुढचा थेट डावीकडच्या जाळीत. खरं तर बहुतेकदा दोष स्विंग, म्हणजे क्लब फिरवणं, सुरू होण्याआधीच दांड्यावर बसलेला असतो.

क्लब वेगाने खाली येतो तेव्हा हात आपल्या नैसर्गिक अवस्थेकडे परत जातात. सैल सोडून उभं राहिल्यावर ते जसे लोंबतात, साधारण तसे. उभं राहताना तुम्ही ते पिळून दांड्यावर ठेवले असतील, तर चेंडूपाशी पोचेपर्यंत ते उलगडतात आणि फेसलाही, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूलाही, सोबत फिरवतात. फेस तीनच अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला, तरी १५० यार्डांच्या फटक्यात चेंडू नुसत्या सुरुवातीच्या दिशेमुळे सहा-सात यार्ड उजवीकडे पडतो. हवेतलं वळण त्यावर आणखी. सेकंदाच्या त्या छोट्या भागात मनगटाने हे सावरणं व्यावसायिकांनाही रोज जमत नाही. ते दांड्यावरच सुधारायचं.

पुढे ‘पकड’ म्हणजे हातांची ठेवण आणि ‘ग्रिप’ म्हणजे दांड्यावरचं रबर. सगळी वर्णनं उजव्या बाजूने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. उजव्या हाताने लिहिणारे पण डावीकडून बॅटिंग करणारे बरेच असतात. त्यांनी ज्या बाजूने स्विंग सहज होतो ती बाजू घ्यावी. अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेलसन बाकी सगळ्या कामांत उजवा आहे आणि गोल्फ मात्र डावीकडून खेळतो. फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, डावखुरा सेट मिळतो का, हे जाण्याआधी विचारून घ्या.

बॅट धरायची सवय

आपल्याकडे गोल्फला येणारा माणूस बहुधा क्रिकेट खेळून आलेला असतो. नजर आणि टायमिंग यांचा त्याला फायदाच होतो, पण हात तीन सवयी घेऊन येतात. पहिली म्हणजे दांडा मुठीत, तळहाताच्या मध्यावर धरायचा. दुसरी, दोन हातांत थोडं अंतर ठेवायचं. तिसरी, उंच फटका मारायचा म्हटला की खालचा हात आवळायचा. बॅटचा दांडा जाड असतो आणि पातं रुंद, त्यामुळे तिथे हे खपून जातं. गोल्फचा दांडा बारीक, क्लब लांब आणि फेस तळहाताएवढासुद्धा नाही. इथे दांडा बोटांत बसला पाहिजे, दोन्ही हात एकमेकांना चिकटले पाहिजेत आणि खालच्या हाताने गप्प राहिलं पाहिजे. खाली पायरी-पायरीने जे आहे, ते बहुतांशी या तीन सवयी मोडण्यासाठीच आहे.

पायरी १: फेस लावून घ्या, हात नंतर

शिकायला सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या डोक्याचा मधल्या लांबीचा क्लब, घ्या. ड्रायव्हरवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या क्लबवर, पकड शिकू नका, लांब क्लबवर प्रत्येक चूक मोठी होऊन दिसते आणि कुठली चूक कशाची तेच कळत नाही.

उजव्या हाताने दांडा ग्रिपच्या खाली, म्हणजे धातूवर धरा आणि क्लब जमिनीवर टेकवा. आयर्नच्या फेसवर आडव्या खाचा असतात. त्यातली सगळ्यात खालची खाच लक्ष्याच्या रेषेला काटकोनात आली पाहिजे. वरची कड बघून फेस लावू नका. ती तिरकी असल्यामुळे नजर फसते आणि फेस नकळत डावीकडे बंद होतो. दांड्याचं वरचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे रोखलेलं असू द्या.

आता डावा हात खांद्यापासून सैल सोडा आणि आरशात किंवा खाली वाकून बघा, मुठीवरची किती उंच हाडं, म्हणजे नकल, तुम्हाला दिसतात. बहुतेकांना दोन दिसतात, कुणाला अडीच-तीन. तुमच्या हाताची ही मूळ ठेवण आहे आणि पकडीची सुरुवात तिथूनच करायची. पुस्तकातला आकडा दोन म्हणतो म्हणून तीनवाला हात पिळून दोनवर आणण्यात अर्थ नाही.

पायरी २: डावा हात

नियंत्रणाचा जवळपास सगळा भार या हातावर आहे, त्यामुळे वेळ इथेच घालवा.

डावा हात लोंबत्या अवस्थेतच दांड्याकडे न्या आणि बाजूने टेकवा. वरच्या टोकाचं रबर एक ते दीड सेंटीमीटर हाताबाहेर राहू द्या. टोक तळहातात गेलं, तर शेवटच्या बोटांना धरायला काही उरत नाही आणि बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या, शिखरावर क्लब हातात हलतो.

दांडा हातातून तिरका गेला पाहिजे. तर्जनीच्या मधल्या सांध्यापासून सुरू होऊन करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या गादीच्या लगेच खाली. करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ जी मांसल गादी असते, ती दांड्याच्या वर बसायला हवी. दांडा तिच्याखाली दाबलेला असेल तर वरून ती कुलपासारखी काम करते. दांडा तिच्यावरून, म्हणजे तळहाताच्या मधून गेला असेल, तर मनगट आखडतं, क्लब मोकळा वर-खाली होत नाही आणि फेस उघडा येतो. स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळणारा फटका, मारणाऱ्या नवख्यांत हा दोष सर्रास असतो.

तपासायची रीत सोपी आहे. बोटं न मिटता फक्त तर्जनीचा आकडा आणि वरून ती गादी, एवढ्यावर क्लब जमिनीपासून उचला. उचलला गेला आणि डुगडुगला नाही, तर जागा बरोबर. घसरून खाली आला, तर दांडा तळहातात आहे.

मग बोटं मिटा. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट घट्ट बसतील, तर्जनी हलकी. अंगठा दांड्याच्या मध्यावर ठेवायचा नाही, मध्याच्या जरा उजवीकडे ठेवायचा. घड्याळाची तबकडी दांड्याच्या तोंडावर ठेवली असं धरलं, तर साधारण एक वाजता. अंगठा लांब ताणू नका. तो थोडा वर ओढून घेतला, की त्याचं टोक आणि तर्जनीचा मधला सांधा जवळपास एका पातळीत येतात. ताणलेल्या अंगठ्यामुळे दांडा तळहाताकडे सरकतो आणि अंगठ्याच्या सांध्याला ताण बसतो. डाव्या अंगठ्याचं दुखणं अनेकदा इथूनच सुरू होतं.

खाली बघा. बहुतेकांना दोन नकल स्पष्ट दिसतील, तिसरं जेमतेम. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्हीसारखी जी घडी पडते, तिचं टोक हनुवटीचा उजवा भाग आणि उजवा खांदा यांच्या मधे रोखलेलं हवं.

पायरी ३: उजवा हात

उजवा हात बाजूने आणा, तळहात लक्ष्याकडे. वरून झडप घातल्यासारखा किंवा खालून ओंजळ धरल्यासारखा आणू नका. दांडा उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी बसवा. ही दोनच बोटं या हाताचं खरं काम करतात. तळहाताची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसली आणि अंगठा पूर्ण झाकला गेला, की हात जागेवर आला. डावा अंगठा आणि उजवा तळहात यांच्यात उजेड दिसत असेल, तर हात सुटे आहेत.

उजवी तर्जनी मधल्या बोटापासून थोडी दूर, बंदुकीच्या घोड्यावर ठेवतात तशी वाकवलेली. उजवा अंगठा मध्याच्या जरा डावीकडे, तर्जनीला टेकून. अंगठा दांड्याच्या माथ्यावर सरळ खाली दाबून ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण त्याने जोर आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात क्लबचं डोकं वेळेआधी ढकललं जातं आणि फटका एकतर जमिनीत बसतो किंवा डावीकडे जातो.

उजव्या हाताची व्ही-घडी डाव्या घडीला समांतर हवी. दोन घड्या दोन दिशांना असतील, तर हात एकमेकांविरुद्ध ओढतात. मग कधी हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, कधी स्लाइस, आणि माणूस रोज नवा उपाय शोधत बसतो.

उजव्या करंगळीचं काय करायचं

तीन पद्धती आहेत. करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खोबणीवर ठेवली, तर ओव्हरलॅप. हिला वार्डन ग्रिप असंही म्हणतात. जर्सी बेटावर जन्मलेल्या हॅरी वार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकली आणि त्याच्यामुळे ही पद्धत सर्वत्र गेली. स्कॉटलंडचा जॉनी लेडले मात्र त्याच्या आधीपासून ती वापरत होता. करंगळी डाव्या तर्जनीत गुंतवली, तर इंटरलॉक. जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांची पकड हीच. आणि दहाही बोटं दांड्यावर ठेवली, तर टेन-फिंगर.

हात मोठे आणि बोटं जाड असतील तर ओव्हरलॅप. हात लहान किंवा बोटं आखूड असतील तर इंटरलॉक. लहान मुलं, संधिवाताने बोटं दुखणारे आणि पकडीत ताकद कमी असलेले यांना टेन-फिंगर, पण दोन हातांत फट पडू न देता. इंटरलॉकमध्ये बोटं मुळापर्यंत खोल गुंतवू नका. तसं केलं की दोन्ही हातांतला दांडा तळहातात जातो आणि पायरी २ वर केलेली मेहनत वाया. पहिल्या पेरापर्यंत गुंतवलं तरी पुरे. या तिघांत सरस कोणती, यावर रेंजवर तासभर वाद घालणारे भेटतील. डावा हात बरोबर बसला असेल, तर फरक फार नसतो.

किती घट्ट

० म्हणजे क्लब हातातून पडतो आणि १० म्हणजे जीव खाऊन आवळलेला, असं धरलं तर साध्या फटक्याला ४ ते ५. उंच गवतातून, म्हणजे रफमधून मारताना ६, कारण गवत क्लबच्या मानेला वेढून फेस फिरवतं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की सुरुवातीला जो दाब आहे तो फटका होईपर्यंत तसाच राहावा. बहुतेक जण ३ वर उभे राहतात आणि खाली येताना ८ वर जातात. त्या अचानक आवळण्याने फेस हलतो.

दाब कुठे हवा, तर डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्या हाताची मधली दोन. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या सैल. कोपराखालचा हात दगडासारखा झाला असेल, तर दाब जास्त आहे. उभं राहिल्यावर क्लबचं डोकं दोन-तीनदा हलकं झुलवा. डोक्याचं वजन बोटांना जाणवलं पाहिजे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू झालं, तर आधी दाब कमी करा, आणि थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

चेंडू बघून दुरुस्ती

एकाच क्लबने दहा चेंडू मारा आणि प्रत्येकाची वाट लिहून ठेवा: कुठून निघाला, कुठे वळला. दोन चेंडूंवरून पकड बदलू नका.

बहुतेक चेंडू हवेत उजवीकडे वळतात, उंच जातात आणि अपेक्षेपेक्षा आखूड पडतात? डाव्या हाताचं एकच नकल दिसत असेल, तर पकड कमकुवत, म्हणजे वीक आहे. दोन्ही हात दांड्यावर उजवीकडे फिरवा. चेंडू खाली राहून जोरात डावीकडे वळतात, आणि तीन-चार नकल दिसतात? मग पकड जास्त स्ट्राँग आहे, हात डावीकडे आणा. अमेरिकन गोल्फपटू बेन होगनला सुरुवातीच्या वर्षांत हुकने बेजार केलं होतं, आणि त्याच्या उपायांतला एक भाग पकड अशी डावीकडे आणणं हाच होता. चेंडू न वळता सरळ रेषेत उजवीकडे किंवा डावीकडे जात असेल, तर मात्र पकडीला हात लावू नका. तिथे दोष उभं राहण्यात किंवा स्विंगच्या वाटेत असण्याची शक्यता जास्त.

एका वेळी अर्धा सेंटीमीटर फिरवा, त्याहून जास्त नाही. ग्रिपवर तो फरक दिसायला क्षुल्लक आणि चेंडूत भरपूर असतो. मग पुन्हा दहा चेंडू.

इथे एक चूक इतकी होते, की ती वेगळी सांगायला हवी. हात फिरवायला सांगितलं, की माणूस हात आणि क्लब दोन्ही एकत्र फिरवतो. नकल तीन दिसायला लागतात, त्याला वाटतं पकड बदलली. खाली बघितलं तर फेस तेवढाच बंद झालेला असतो, आणि तो परत सरळ करताना हात जुन्या जागी येतात. बदल शून्य. फेस जागेवर राहिला पाहिजे आणि हात रबरावर सरकले पाहिजेत. म्हणून प्रत्येक वेळी बोटं पूर्ण उघडायची, फेस पायरी १ प्रमाणे पुन्हा लावायचा, आणि मगच नव्या जागी हात मिटायचे.

बंकरमध्येही हाच क्रम. वाळूतून मारताना फेस उघडा हवा असतो. आधी फेस उघडा आणि मग पकड घ्या. नेहमीसारखं धरून नंतर मनगटाने फेस उघडलात, तर फटक्याच्या वेळी हात मूळ जागी येतात, फेस बंद होतो आणि क्लबची कड वाळूत रुतते.

छोट्या फटक्यांना दांडा दोन-तीन सेंटीमीटर खाली धरा. क्लब आखूड झाला की ताबा वाढतो, अंतर थोडं घटतं. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तेव्हाही हेच करायचं.

सराव घरी

पकड शिकायला चेंडू लागत नाही. रोज पाच मिनिटं क्लब हातात घ्या, पकड पूर्ण सोडा, पहिल्या पायरीपासून पुन्हा घ्या. वीस-पंचवीस वेळा. जुन्या ग्लोव्हवर मार्करने तर्जनीच्या मधल्या सांध्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत रेघ ओढा आणि दांडा तिच्यावर बसतो का बघा. नवी पकड पहिले काही दिवस चुकीचीच वाटणार, आणि चेंडूही वेडेवाकडे जाणार. या दिवसांत पूर्ण जोराने मारू नका. कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग पुरे.

बोटांचे खाचे तयार असलेली प्रशिक्षणाची ग्रिप बाजारात मिळते. सरावाला चांगली आहे, पण नियमांनुसार पटर, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायचा क्लब, सोडून बाकी क्लबांची ग्रिप गोलच हवी, लांबीभर सरळ, जराशी उठलेली एक धार तेवढी चालते. म्हणून खेळायच्या सेटवर ती लावून घेऊ नका.

ग्लोव्ह, रबर आणि घाम

जुना झालेला ग्लोव्ह टाकण्याआधी नीट बघा. मनगटाजवळच्या गादीवर भोक पडलं असेल, तर दांडा तळहातात बसतोय किंवा शिखरावर निसटतोय. अंगठ्यावर झिजला असेल, तर अंगठा ताणलेला आहे किंवा दांडा फिरतोय. सगळीकडे थोडा-थोडा मळलेला, पण कुठेच फाटलेला नाही, असा ग्लोव्ह चांगल्या पकडीची खूण.

ग्रिपची जाडी हाताला जुळली पाहिजे. डावा हात मिटल्यावर मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक अंगठ्याखालच्या फुगीर भागाला जेमतेम टेकावं. नखं रुतत असतील तर ग्रिप बारीक, फट राहत असेल तर जाड. पुरुषांची स्टँडर्ड ग्रिप वरच्या टोकापासून २ इंचांवर साधारण ०.९ इंच, म्हणजे २३ मिलीमीटर जाड असते. मिडसाइझ त्याहून १/१६ इंच जास्त. थोडासाच फरक हवा असेल, तर रबराखाली टेपचा एक जादा थर देतात. त्याने साधारण १/६४ इंच वाढते. कुणाचा जुना सेट हाती आला असेल, तर रबर आधी नखाने दाबून बघा. कडक आणि चकचकीत झालेलं रबर घसरतं, आणि घसरतं म्हणून तुम्ही आवळता. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रशने धुऊन फरक पडला नाही, तर बदला. नियमित खेळणाऱ्याला वर्षातून एकदा बदल लागतोच.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पाच-सहा होलमध्ये ग्लोव्ह ओलाचिंब होतो. दोन ठेवा आणि आळीपाळीने वापरा, एक बॅगेला बाहेरून लटकवून वाळू द्या. चोळामोळा करून खिशात कोंबलेला चामड्याचा ग्लोव्ह पापडासारखा कडक होतो. पावसात चामडं निरुपयोगी, तिथे ओलं झाल्यावर अधिक चिकटणारे कापडी रेन ग्लोव्ह दोन्ही हातांत घाला.

पटर वेगळा

पटिंगमध्ये वरचं बरंच उलटं होतं. इथे मनगट मोकळं असून चालत नाही, म्हणून दांडा मुद्दाम तळहाताच्या रेषेत ठेवतात आणि दोन्ही अंगठे ग्रिपच्या सपाट माथ्यावर सरळ. पटरला सपाट बाजूची ग्रिप नियमांत बसते. रिव्हर्स ओव्हरलॅप ही रुळलेली पद्धत. यात डावी तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवरून खाली येते आणि उजव्या हाताची सगळी बोटं दांड्यावर राहतात. छोट्या पटला डावं मनगट वाकत असेल, तर डावा हात खाली आणि उजवा वर धरून बघा. दाब ३ ते ४. पटर किंवा धरलेला हात पोटाला वा छातीला टेकवून मारणं १ जानेवारी २०१६ पासून नियमबाह्य आहे. दांडा कोपराखालच्या हाताला टेकवून धरलेला चालतो.